तोलाची गोणी

सकाळी सातला पट्टीवर एकच रेघ उमटली. दुसरी उमटते का, म्हणून तिने थोडा वेळ वाट पाहिली, पट्टी खिडकीच्या उजेडात तिरकी धरून पाहिली आणि मग न्हाणीघराचे दार उघडले. बाहेर सासूबाई उभ्या होत्या, हातात सुई आणि ओठांत दोरा धरून.

"एकच आहे, आई," ती म्हणाली.

सासूबाईंनी दोरा ओठांतून काढला. त्यांचे म्हणणे पडले की या पट्ट्यांना काय कळते, आठवड्याभराने पुन्हा बघू. ही तिसरी पट्टी होती. पाळी येऊन पाच महिने उलटून गेले होते आणि तेवढ्या काळात पोट पुढे यायच्या ऐवजी आत गेले होते. हे सासूबाईंइतके कोणालाच ठाऊक नव्हते, कारण सुनेचा झगा त्यांनीच दोन-तीनदा आत घेतला होता. त्यावरही त्यांच्याकडे उत्तर होते. दिवस गेले की काही जणींना सुरुवातीला अन्न जात नाही, अंग उतरते. शिवाय कापड धुऊन धुऊन सैल होतेच.

घरची नाटकमंडळी होती, लहान मुलांसाठी खेळ करणारी. जुन्या गोदामात मांडलेले दीडशे खुर्च्यांचे थिएटर, मागे राहायच्या तीन खोल्या. सासूबाई कपडे शिवत. त्यांचा मुलगा, म्हणजे हिचा नवरा, दिवे सांभाळी. सासूबाईंचे दीर दोरी ओढत. त्यांना सगळेच काका म्हणत, तिकीट काढायला आलेली माणसेसुद्धा. आणि ही उडायची. दुसऱ्या अंकात हातात बादली आणि ब्रश घेऊन ती वर जाई आणि मळलेल्या चंद्राला आंघोळ घाली. चंद्राच्या कानामागचा मळ राहिला, असे खालून मुले ओरडून सांगत. मंडळीत तिचे नाव पतंग पडले होते.

उडण्याची रीत साधी होती. दोरीचे एक टोक तिच्या कमरेच्या पट्ट्याला, मध्ये माळ्यावरच्या दोन कप्प्या, दुसऱ्या टोकाला वाळूची गोणी. गोणी आणि माणूस सारख्या वजनाचे असले, की काकांनी दोन बोटांनी दोरी ओढली तरी माणूस अलगद वर जाते. म्हणून रोज खेळाआधी तोल बघितला जाई. ती पट्टा बांधून अधांतरी लटके, समोर गोणी लटके, काका हात सोडून बाजूला उभे राहत. दोन्ही जागच्या जागी राहिल्या तर तोल बरोबर. ती खाली सरकली तर ती जड.

गोणी हलकी, असे म्हणायची पद्धत मंडळीत नव्हती. काकांच्या वडिलांच्या काळात कोणीतरी दर खेळाला मूठ-मूठ वाळू घालत गेले होते, आणि एका संध्याकाळी नटीने पट्टा सोडताच गोणी धाडकन खाली येऊन रंगवलेला राजवाडा चपटा झाला होता. तेव्हापासून भरलेल्या गोणीला हात लावायचा नाही. कमी-जास्त व्हायचे ते माणसाने. काकांच्या हातालाही त्याच ओढीची सवय झाली होती. वजनाचा काटा घरात नव्हता. कोणाला त्याची गरज पडली नव्हती.

गेले वर्षभर ती अधूनमधून खाली सरकत होती. सरकली की काका हसून म्हणत, काल काय खाल्लंस गं पतंग. मग तिने एकदा साखर सोडली. पुढच्या वेळी रात्रीचा भात सोडला. मग दूध, मग दुपारचे दाणे. सकाळी प्रेक्षागृहाच्या पायऱ्या चढ-उतार करायला लागली, आधी थोड्या, मग घाम फुटेपर्यंत. याला ती उपास म्हणत नसे. वाजवणारा तार पिळतो तसे ती स्वतःला जुळवून घेत होती. चार दिवस तोल बरोबर येई, पुन्हा बिघडे.

पाळी चुकली तेव्हा मात्र तिला गोणी आठवली नाही, ताई आठवली. तिच्या ताईची पाळी तिशीच्या आसपास अशीच थांबली होती. आधी लांबली, मग एखाद-दुसरी आली आणि मग नाहीच. अंडाशयांचे काम वेळेआधीच संपले आहे, असे तिला सांगण्यात आले. ताई आता गाडी चालवायला शिकवते, शिकाऊ लोकांवर खेकसते आणि मजेत असते. पण त्या वर्षी ताई कशी दिसायची ते धाकटीने पाहिले होते. आता तीही तिशीला आली होती. या हंगामानंतर मूल, असे नवरा-बायकोचे ठरले होते. सासूबाई पट्टीवर दुसरी रेघ शोधत होत्या तेव्हा ती वेगळ्याच गोष्टीला भीत होती, आणि ते तिने नवऱ्यालाही सांगितले नव्हते. तिसऱ्या पट्टीनंतर सांगितले. त्याने हातातली वायर खाली ठेवली आणि विचारले, "दवाखाना किती वाजता उघडतो?"

डॉक्टरबाई साठीच्या होत्या, आवाज मोठा, चष्मा डोक्यावर. त्यांनी विचारायला सुरुवात केली ती थांबेचनात. पहिली पाळी कधी, नंतर नियमित होती का. गर्भ राहिला होता का, पिशवी कधी धुतली होती का. डोके दुखते का, नजरेला कडेचे कमी दिसते का. छातीतून दुधासारखे काही येते का. हनुवटीवर केस, तोंडावर पुटकुळ्या? अंगातून गरम वाफा निघाल्यासारखे होते का? थंडी जास्त वाजते का? काही गोळ्या चालू आहेत? घरात कोणाची पाळी लवकर गेली आहे?

थंडी वाजते आणि केस गळतात, ती म्हणाली. आणि ताईचे सांगितले. डॉक्टरबाईंनी ते ऐकून घेतले आणि पुढचा प्रश्न विचारला.

"वजन उतरलंय का?"

"नाही. वजन तेवढंच आहे."

"कशावरून?"

"रोज तोल बघतो ना आम्ही."

मग नवऱ्याने सगळे समजावून सांगितले. कप्प्या, दोरी, गोणी, बावन्न किलो. डॉक्टरबाई ते मन लावून ऐकत होत्या, मध्ये चंद्र कशाचा केलाय तेही विचारले त्यांनी. शेवटी तिला काट्यावर उभे केले. काट्याने पंचेचाळीसच्या थोडे वर दाखवले.

तुमचा काटा बिघडलाय, असे तिने नम्रपणे सांगितले. डॉक्टरबाई स्वतः काट्यावर चढल्या, आकडा पाहिला आणि उतरल्या. बिघडला असता तर मलाही आवडलं असतं, असे म्हणाल्या.

पाळी थांबायला कारणे पुष्कळ असतात, त्यांनी सांगितले. गर्भ, थायरॉइड, मेंदूच्या तळाशी असलेली एक ग्रंथी, अंडाशय, गर्भाशयाचे अस्तर, आणि शरीराला मिळणारे अन्न त्याच्या कष्टांना न पुरणे. एक कारण पटले म्हणून बाकीची न तपासता सोडून द्यायची नसतात. रक्त घेतले, सोनोग्राफी केली. गर्भ नव्हता, हे तिथेच नक्की झाले. बाकीचे रिपोर्ट यायचे होते. तोवर पायऱ्या बंद, भात सुरू.

घरी आल्यावर गर्भाचे कळले तेव्हा सासूबाई शिलाई मशीनपाशी जाऊन बसल्या आणि सुईत दोरा ओवू लागल्या. पण काट्याची गोष्ट निघाली आणि घर ढवळून निघाले. काकांना तो अपमान वाटला. भरताना गोणी त्यांनी धान्याच्या दुकानात मोजून घेतली होती, बावन्नला बावन्न, दुकानदार साक्षीला आहे. गोणीशी पतंगचा तोल होतो, म्हणजे पतंग बावन्न. यात डॉक्टर कुठून आली? सासूबाई दिराच्या बाजूने होत्या. झगा सैल होतो तो कापडामुळे, हे त्यांनी पुन्हा एकदा सांगितले. नवऱ्याने बायकोकडे पाहिले. मनगटावरच्या बांगड्या कोपरापर्यंत मागे जात होत्या, पण बांगड्यांचाही विषय काढला असता तर त्याही धुऊन सैल झाल्या असत्या.

"मी घेऊन येतो गोणी," काका म्हणाले. "ठेवू त्यांच्या काट्यावर. बावन्न दाखवते का बघू."

रिपोर्टच्या दिवशी चौघे गेले. गोणी हातगाडीवर होती. बाहेर बसलेल्या पोरीने नेहमीप्रमाणे पेशंट कोण म्हणून विचारले, तर काकांनी गोणीवर हात ठेवला. बाकावरच्या बायका पाय आवरून घेऊन बघायला लागल्या. दोघांनी गोणी उचलून उघड्या दारातून आत नेऊन काट्यावर ठेवली आणि डॉक्टरबाई खाली वाकल्या.

सेहेचाळीसला थोडे कमी.

काकांनी टाळी वाजवली. "बघा. बावन्नची गोणी तुमच्या काट्यावर सहा किलोनं कमी भरते. पोरगीही सहा किलोनं कमी भरली. काटा सहानं खोटा आहे."

हिशोब चोख होता. डॉक्टरबाई चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणून थोडा वेळ काट्याकडे बघत राहिल्या. बाकावरच्या एका बाईंनी दोन महिन्यांपूर्वीचे आपले वजनही आता पुन्हा करून द्यावे, अशी मागणी केली. सासूबाईंनी मान डोलावली.

नवरा बाहेर गेला. शेजारच्या वाण्याकडून त्याने दहा किलो पिठाचे शिवलेले पोते आणले, कारखान्याचा शिक्का असलेले. गोणी उतरवली आणि पोते काट्यावर ठेवले.

दहा.

"अजून एक आण," काका म्हणाले. त्याने आणले. वीस.

आता सगळे गोणीकडे पाहू लागले. काकांनी तिची शिवण चारी बाजूंनी चाचपली. कुठे भोक नाही, कुठे उसवलेली नाही. थिएटरात वाळूचा एक कण कधी कोणाला सापडला नव्हता. सासूबाईंनी पिशवीतून कात्री काढून तोंडाची शिवण उसवली. त्या कात्रीशिवाय कुठे जात नसत. काकांनी बाही वर करून हात आत घातला, कोपरापर्यंत. मूठ भरून बाहेर काढली. वाळू त्यांच्या बोटांतून सरसर निघून गेली.

"कोरडी आहे," ते म्हणाले. आणि हात झटकत, "भरली तेव्हा गळत होती."

मग सगळा उलगडा झाला. गेल्या साली जुन्या गोणीचे कापड विरले, तेव्हा शेजारच्या बांधकामावरून वाळू आणली होती. तिथल्या माणसाने नुकतेच ढिगावर पाणी मारले होते. दुकानातून गाडीवर घालून आणताना वाटभर थेंब पडत होते, ते काकांना आता स्पष्ट आठवत होते. गोणी माळ्यावर टांगली ती नेमकी मोठ्या दिव्यांच्या बाजूला. वर्षभर पाणी उडत गेले, गोणी हलकी होत गेली आणि सून तिच्या मागोमाग.

"दिवे तुझे," काका पुतण्याला म्हणाले.

"वाळू तुमची," पुतण्या म्हणाला.

"आणि कापड सैल झालं होतं म्हणे," सून म्हणाली. सासूबाई कात्री पुसायला लागल्या.

दवाखान्यात इतका वेळ कोणी हसलेले नसावे. पेशंटच्या बाकावरून सुरू झाले ते आतल्या नर्सपर्यंत गेले. ती स्वतःही हसत होती, पण रिपोर्टचे पाकीट टेबलावर तसेच पडले होते आणि हसता हसता तिची नजर तिकडे जात होती. डॉक्टरबाईंच्या ते लक्षात आले. काका आणि सासूबाईंना त्यांनी गोणीसकट बाहेर पाठवले आणि दार लावले.

सहा किलो उतरणे आणि वर पायऱ्या, पाळी थांबायला एवढे पुरते, त्या म्हणाल्या. पण म्हणून रिपोर्ट बघायचा नाही असे नाही. थायरॉइड ठीक. दूध आणणारे संप्रेरक, प्रोलॅक्टिन, किंचित वर आले होते, ते त्यांनी आदल्या दिवशी सकाळी तिला अर्धा तास शांत बसवून पुन्हा करून घेतले होते, ते ठीक. पहिल्या वेळी सुई बघूनच तिचे हातपाय गार पडले होते. सोनोग्राफीत गर्भाशय नीट, अस्तर पातळ. मग त्यांनी शेवटच्या कागदावर बोट ठेवले. अंडाशय दमले की मेंदू त्यांना हाका मारून मारून घसा बसवतो आणि रक्तात त्या हाकांचा आकडा खूप चढतो. तिचा आकडा चढलेला नव्हता. उलट खालीच होता. मेंदूनेच हाका मारणे थांबवले होते, घरात खायला नाही म्हणून पाहुण्यांना बोलावू नये तसे.

"तुमच्या ताईंचं झालं ते तुमचं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

नवऱ्याने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, तिने तो घट्ट धरला आणि पुढची पाच-सात वाक्ये तिला ऐकू आली नाहीत. ती नवऱ्याने लक्षात ठेवली. तीन वेळा पोटभर जेवण, मध्ये दोनदा खाणे, दूध, अंडी, तेलातुपाला घाबरायचे नाही. पायऱ्या नाहीत. उडणे सध्या बंद. असे फार दिवस राहिले तर हाडे ठिसूळ होतात, म्हणून हे मनावर घ्यायचे. जेवताना भीती वाटते का, असेही त्यांनी विचारले होते, त्यावर मात्र तिने उत्तर दिले. "मला जेवायची भीती नाही वाटत. गोणीची वाटते."

पाळी कधी येईल, हे तिने विचारले. तारीख देणारी मी नव्हे, डॉक्टरबाई म्हणाल्या. काहींना तीन महिने लागतात, काहींना वर्ष. वजन परत आले तरी शरीर लगेच विश्वास ठेवत नाही.

ताईला तिने त्याच दुपारी फोन केला. ताई कोणाला तरी गाडी मागे घ्यायला शिकवत होती. आकड्याचे ऐकल्यावर तिने शिकाऊ माणसाला ब्रेक दाबून ठेवायला सांगितले आणि थोडा वेळ फोनवर नुसते वाहनांचे आवाज येत राहिले. मग म्हणाली, "माझ्यावर गेली नाहीस ते बरं केलंस. नाक तेवढं माझं घेतलंयस, ते पुरे."

पुढचे सगळे मंडळीच्या पद्धतीने झाले, म्हणजे भांडत भांडत. काकांनी लोखंडी वजने आणली, त्यांच्यावर आकडे कोरलेले होते. ती ठेवता येतात आणि काढताही येतात, हे मान्य करायला त्यांना एक दुपार लागली. घरात काटा आला. सासूबाई झग्याच्या शिवणी सोडू लागल्या आणि दर वेळी सोडताना सुनेला हाक मारून दाखवू लागल्या, जणू त्यांनीच ते वजन चढवले. काही अंशी चढवले त्यांनीच. ताटात दुसऱ्यांदा वाढताना त्या विचारत नसत. काका स्वतः सकाळी अंडी उकडत. नवऱ्याने मोठे दिवे माळ्यावरून दुसरीकडे हलवले, तसे आता काही कारण नव्हते तरी.

चंद्राच्या आंघोळीचा प्रश्न उरला होता. ती उडणार नव्हती आणि चंद्र वर होता. शेवटी चंद्रालाच खाली आणायचे ठरले. काकांनी त्याला दोरीवरून सोडला, तो डगमगत बादलीजवळ येऊन थांबला आणि ती स्टुलावर बसून त्याला घासू लागली. मुलांना हे जास्त आवडले. चंद्र हाताशी आल्यामुळे कानामागे कुठे, हे दाखवायला पहिल्या रांगेतली मुले उठून पुढे येऊ लागली आणि त्यांना परत जागेवर बसवण्यात दुसरा अंक लांबू लागला. आता पतंग पुन्हा उडायला लागली की काय करायचे, यावर काका आणि पुतण्या यांचे एकमत नाही.

तिची थंडी आधी गेली. मग केस गळायचे कमी झाले. चौथ्या महिन्यात काट्याने पन्नासला स्पर्श केला. पाळी आली नाही. सासूबाईंनी विचारायचे सोडले होते, पण सकाळी ती न्हाणीघरातून बाहेर आली की मशीनचा आवाज क्षणभर थांबे. ती मान हलवी, मशीन पुन्हा सुरू होई. ती हसत असे, पण आकड्याचा कागद तिने कपाटात वरच घडी करून ठेवला होता, आणि एकदा-दोनदा तो काढून वाचताना नवऱ्याने तिला पाहिले.

गेल्या बुधवारी पुन्हा सोनोग्राफी झाली. डॉक्टरबाईंनी पडदा तिच्याकडे वळवला. अस्तर पूर्वीपेक्षा जाड होते. उजव्या अंडाशयात काळा, गोल, वाटाण्याहून मोठा एक ठिपका होता. अंड्याची पिशवी वाढतेय, त्या म्हणाल्या. ती पिकेल किंवा तशीच विरून जाईल, पहिल्या खेपेला दोन्ही होते. पिकली तर अंडे सुटताना त्या बाजूला थोडे दुखेल, आणि त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी पाळी. आणि एक लक्षात ठेवा, अंडे पाळीच्या आधी येते. मूल एवढ्यात नको असेल तर आत्तापासूनच काळजी घ्या. नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिले. सल्ला दोन दिवस उशिरा आला होता.

डॉक्टरबाईंनी दोघांच्या तोंडांकडे पाहिले आणि पुढे काही विचारले नाही. अंग अजून भरू द्या, एवढे म्हणाल्या, आणि पुढची तपासणी तीन आठवड्यांनी लावली.

घरी हे कोणाला सांगितलेले नाही. शनिवारी दुपारी तिच्या ओटीपोटात उजवीकडे थोडे दुखले, तासाभरात थांबले. रविवारचा खेळ भरलेला होता. सोमवारी सकाळपर्यंत पाळी आलेली नव्हती; पाळी येणार, की पट्टीवर दुसरी रेघ, की दोन्ही नाही, हे कळायला अजून दोन आठवडे होते.